दुसरं मशीन कधी घ्यायचं?

मोठ्या डेटावरचा आमचा भाग ऐकून एका श्रोत्याचा निरोप आला. मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. त्याने सरळ विचारलं होतं: माझ्याकडे आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, क्लस्टर नाही, क्लाउडचं बिल भरायची ऐपत नाही, मग वितरित संगणन मी इथे बसून शिकू शकतो का, की ते तिकडे आल्यावरच शिकायचं?

मी घाईत "शिकू शकतोस" असं दोन ओळींचं उत्तर पाठवून दिलं. पण ते मनाला लागून राहिलं. कारण त्याचा गैरसमज त्याचा एकट्याचा नाही. आम्ही इथे, अमेरिकेत, हा विषय ज्या पद्धतीने शिकवतो त्यातूनच तो तयार होतो. म्हणून आज एखाद्या पुस्तकाचं करावं तसं एका सेमिनारचं परीक्षण करतोय. विषय: मोठ्या डेटाचं वितरित संगणन. वर्ग: एमएस-पीएचडीचा. असा एक सेमिनार मी विद्यार्थी म्हणून केला आणि पुढे पोस्टडॉक असताना दुसरीकडे असाच एक चालवायला हातभार लावला. विद्यापीठांची नावं घेत नाही. वाचनाच्या याद्या इतक्या सारख्या असतात की नावाने फारसा फरक पडत नाही.

यादी साधारण अशी असते. आधी गूगल फाइल सिस्टीम (२००३), मग मॅपरिड्यूस (२००४). त्यानंतर ॲमेझॉनचा डायनॅमो आणि मायक्रोसॉफ्टचा ड्रायड (दोन्ही २००७), आलेखांसाठी प्रेगेल (२०१०), बर्कलीचा स्पार्क आणि गूगलचा स्पॅनर (दोन्ही २०१२). आठवड्याला दोन शोधनिबंध. एक विद्यार्थी सादर करतो, बाकीचे प्रश्न विचारतात, आणि सत्राच्या शेवटी प्रकल्प.

आधी चांगलं काय ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे.

मॅपरिड्यूसचा निबंध मूळातून वाचणं हा आनंदाचा भाग आहे. कल्पना आपल्याला परकी नाही. मतपत्रिकांच्या काळातली मतमोजणी आठवा. प्रत्येक टेबलावर मतपत्रिका उघडून उमेदवारनिहाय गठ्ठे करायचे, हा मॅप. मग एकेका उमेदवाराचे सगळ्या टेबलांवरचे गठ्ठे एका जागी आणायचे. या वाहतुकीला शफल म्हणतात आणि बहुतेक वेळा खरा खर्च इथेच असतो. शेवटी बेरीज, म्हणजे रिड्यूस. टेबलावर बसलेल्याला बाकीच्या टेबलांवर काय चाललंय ते कळायची गरज नाही. एखादा मोजणारा चक्कर येऊन पडला तर त्याचा ढीग दुसऱ्याला द्यायचा, इतकंच.

निबंधातले आकडे तर वर्गात मोठ्याने वाचावेत असे आहेत. सुमारे १८०० मशीन. प्रत्येकात २ गिगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी. जवळपास एक टेराबाइट डेटाची क्रमवारी लावायला ८९१ सेकंद लागले. मग त्यांनी तेच काम चालू असताना १७४६ पैकी २०० कामकरी प्रक्रिया मुद्दाम मारल्या. वेळ झाला ९३३ सेकंद, म्हणजे फक्त ५ टक्के जास्त!

आणि मागे रेंगाळणाऱ्यांची गोष्ट. पंगतीत सगळ्यात सावकाश जेवणाऱ्यामुळे अख्खी पंगत बसून राहते ना, तसंच. १८०० मशीनमध्ये एखाद्याची डिस्क बिघडलेली असते, ती सेकंदाला ३० एमबीऐवजी १ एमबी वाचते, आणि सगळं काम तिच्यापाशी अडतं. उपाय असा की शेवट जवळ आला की उरलेल्या कामांच्या जादा प्रती दुसऱ्या मशीनना द्यायच्या आणि जो आधी संपवेल त्याचं उत्तर घ्यायचं. ही युक्ती बंद केली तर त्याच कामाला ४४ टक्के जास्त वेळ लागला. हे वाचताना इंजिनिअरिंग म्हणजे काय ते समजतं. त्याबद्दल सेमिनारला पैकीच्या पैकी गुण.

आता तक्रार.

यादी पुन्हा बघा. ती शिडीसारखी लावलेली आहे. प्रत्येक निबंध आधीच्या पायरीतली उणीव दाखवतो आणि एक पायरी वर चढतो. मॅपरिड्यूस प्रत्येक टप्प्यावर डिस्कवर लिहितं, म्हणून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणाऱ्या कामाला संथ. स्पार्क डेटा मेमरीत ठेवतो आणि अशा कामात हडूपच्या २० पटींपर्यंत वेगवान ठरतो. खरं आहे, आणि मोठं कामही आहे. पण "कशाच्या तुलनेत?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी "खालच्या पायरीच्या" असंच येतं. जमिनीवरून किती उंच आलो, हे कोणी मोजत नाही.

ते मोजणारा एक निबंध आहे. फ्रँक मॅकशेरी, मायकेल आयसर्ड आणि डेरेक मरे यांचा, २०१५ सालचा. त्यांनी सोपी गोष्ट केली. प्रसिद्ध झालेल्या निबंधांतले वेळ घेतले आणि तेच काम एका लॅपटॉपवर, एकाच थ्रेडमध्ये, साधा प्रोग्राम लिहून करून पाहिलं. डेटा होता ट्विटरवर कोण कोणाला फॉलो करतं याचा आलेख: सुमारे ४ कोटी खाती, १४७ कोटी दुवे. पेजरँकच्या २० फेऱ्यांना १२८ कोअरवर स्पार्कला ८५७ सेकंद लागले होते, जिराफला ५९६, ग्राफएक्सला ४१९, ग्राफलॅबला २४९. लॅपटॉपच्या एका थ्रेडला लागले ३००. ग्राफलॅब थोडक्यात जिंकला, हेही सांगायला हवं. पण दुव्यांचा क्रम नीट लावल्यावर तोच एक थ्रेड ११० सेकंदांवर आला.

जोडलेले गट शोधण्याच्या कामात तर आणखी गंमत. १२८ कोअरवर ग्राफलॅबला २४२ सेकंद, स्पार्कला १७८४. एका थ्रेडला त्याच पद्धतीने १५३, आणि वेगळा, जुनाच, पदवीच्या वर्गात शिकवला जाणारा युनियन-फाइंड अल्गोरिदम वापरल्यावर १५.

हे तिघे बाहेरून दगड मारणारे नव्हेत. आयसर्ड ड्रायडचे पहिले लेखक. तिघांनी मिळून नायाड ही वितरित प्रणाली बांधण्यात भाग घेतलेला. म्हणजे घरातल्याच माणसांनी घरचा हिशेब मांडला. मी केलेल्या सेमिनारमध्ये हा निबंध होता. बाराव्या आठवड्यात, "इतर वाचन" या शीर्षकाखाली. सादर करायला कोणालाच दिला नव्हता.

त्याचा परिणाम माझ्यावर काय झाला ते सांगतो. माझा प्रकल्प होता न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या उघड्या नोंदींवर. तीसेक जीबी डेटा आणि भाड्याची आठ मशीन. मी आलेख काढला: एक, दोन, चार, आठ मशीन, आणि वेग जवळजवळ सरळ रेषेत वाढलेला. वर्गाने कौतुक केलं, ग्रेड उत्तम मिळाली. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तोच डेटा लागला. तेव्हा खात्यात क्लाउडचे पैसे नव्हते, म्हणून नाइलाजाने लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला. आठ मशीनना जितका वेळ लागला होता त्याच्या निम्म्याच्या आत काम संपलं. मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो. माझा तो सुंदर आलेख खोटा नव्हता. पण त्यात मी माझ्याच संथ प्रोग्रामची माझ्याच संथ प्रोग्रामशी तुलना केली होती. आणि इथे एक खोच आहे: प्रणाली स्वतःच जितका फुकटचा भार निर्माण करते, तितकं मशीनमध्ये वाटायला जास्त काम मिळतं आणि रेषा जास्त सरळ दिसते. हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

दुसरी तक्रार संदर्भ हरवण्याची. १८०० मशीन असतील तर रोज काहीतरी बिघडणारच. तिथे मधलं उत्तर डिस्कवर लिहून ठेवणं शहाणपणाचं. आठ मशीनवर तासाभराचं काम असेल तर बिघाडाची शक्यता फार कमी. तरी विमा तितकाच उतरवायचा का? मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की मायक्रोसॉफ्ट आणि याहूच्या प्रत्यक्ष कामाच्या क्लस्टरवर निम्म्या जॉबना दिलेला डेटा १४ जीबीपेक्षा कमी होता, आणि फेसबुकच्या एका क्लस्टरवर ९० टक्के जॉबचा १०० जीबीपेक्षा कमी. म्हणजे मतमोजणीची यंत्रणा अख्ख्या राज्याची आणि मतदान सोसायटीच्या कमिटीचं!

तिसरी तक्रार भांडण लपवण्याची. मॅपरिड्यूस आलं तेव्हा डेटाबेसवाल्यांनी मोठा आक्षेप घेतला होता. २००९ मध्ये १०० मशीनवर तुलना झाली. बहुतेक कामांत समांतर डेटाबेस हडूपपेक्षा बरेच वेगवान निघाले. हडूप मात्र बसवायला आणि त्यात डेटा भरायला सोपं. जानेवारी २०१०मध्ये एकाच मासिकाच्या एकाच अंकात दोन्ही बाजूंचे लेख आले. विद्यार्थ्यांना वाद कसा करावा हे शिकवायला याहून चांगलं साहित्य कुठून आणणार? आमच्या यादीत यातलं काहीच नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता पुढे जाणं अन्यायाचं होईल. काही डेटा खरंच एका मशीनवर मावत नाही. अख्ख्या वेबची अनुक्रमणिका लॅपटॉपवर होत नाही. पुष्कळदा डेटा आधीच शंभर मशीनवर पसरलेला असतो आणि तो एका जागी गोळा करणंच महाग पडतं. शिवाय मॅकशेरींसारखा प्रोग्राम लिहिणारा माणूस प्रत्येक ऑफिसात नसतो. ज्याला वितरित प्रणाली येत नाहीत त्यालाही हजार मशीन वापरता यावीत, हे मॅपरिड्यूसचं वचन होतं आणि त्याने ते पाळलं. मी क्लस्टरच्या विरोधात नाही. पहिल्या मशीनचा हिशेब न करता दुसरं मागण्याच्या सवयीच्या विरोधात आहे.

ही सवय फक्त तांत्रिक नाही. जिथे क्लाउडचे फुकट क्रेडिट मिळतात तिथे ती परवडते. जिथे मिळत नाहीत तिथला विद्यार्थी यादी बघतो, निबंधांतल्या मशीनची संख्या बघतो आणि ठरवतो की हा विषय आपला नाही. ज्ञान त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. निबंध मोफत मिळतात, एमआयटीच्या वितरित प्रणालींच्या वर्गाची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. पोचलेलं नसतं ते एवढंच, की त्याच्याकडे जे आहे ते पुरेसं आहे.

मला असा सेमिनार पुन्हा चालवायला मिळाला तर तीनच बदल करीन. २०१५चा तो निबंध बाराव्या आठवड्यातून पहिल्या आठवड्यात आणीन. मॅपरिड्यूसच्या शेजारी डेटाबेसवाल्यांचा आक्षेप ठेवीन. आणि प्रकल्पाला एक नियम लावीन: आधी एका मशीनवर, एका थ्रेडमध्ये, जमेल तितकं चांगलं करून दाखवा. नंतर दुसरं मशीन मागा, आणि किती मशीननंतर तुमची प्रणाली त्या एका थ्रेडला मागे टाकते तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. तो आकडा मोठा आला तर गुण कापणार नाही. लपवला तर कापीन.

आता त्या श्रोत्याला राहिलेलं उत्तर. तुझ्या लॅपटॉपची मेमरी २००४च्या त्या १८०० पैकी दोन मशीनइतकी आहे. एखादा उघडा डेटा उतरवून घे आणि साधा प्रोग्राम लिही. मग त्याच लॅपटॉपवर चार प्रक्रिया सुरू कर, त्यांना एकमेकींशी फक्त निरोपांनी बोलू दे, आणि मध्येच एक मारून बघ. बाकीच्या तिघींना कसं कळलं? तिचं अर्धं काम कोणी घेतलं? एकच नोंद दोनदा तर मोजली गेली नाही ना? वितरित संगणनाचे अवघड प्रश्न हेच आहेत, आणि ते आठ जीबीत मावतात. वेळ लिहून ठेव. इकडे आलास तर ती वही घेऊन ये. नाही आलास तरी पाठव, पुढच्या भागात तुझ्या आकड्यांवर बोलू.