सीमेवरची देवडी

पुण्याच्या नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांची रचना ज्याने पाहिली आहे, त्याला देवडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आल्यागेल्याला तिथे थांबवायचं, कोण कुठला विचारायचं. पण पाणउतारा करायचा नाही. तिथून पुढे उजेडाचा चौक, सावलीची ओसरी. परक्याला थांबवण्यातही एक अदब असते, हे त्या बांधणीला ठाऊक होतं. पंजाबातल्या डेरा बाबा नानक इथल्या प्रवासी टर्मिनलचा आराखडा याच नजरेने वाचावा.

९ नोव्हेंबर २०१९ रोजी ही वास्तू खुली झाली. रावीपलीकडे पाकिस्तानात, सरहद्दीपासून चार-साडेचार किलोमीटरवर, करतारपूरचा गुरुद्वारा आहे. गुरू नानकांची अखेरची वर्षं तिथे गेली. करतारपूरला जायचा मार्ग खुला होण्याआधी भाविक सरहद्दीवरच्या चौथऱ्यावर उभे राहून दुर्बिणीतून दर्शन घेत. मराठी वाचकाला डेरा बाबा नानकचा मुलूख परका नाही. ज्या घुमानला नामदेव राहिले, जिथे २०१५मध्ये आपलं ८८वं साहित्य संमेलन भरलं, तेही डेरा बाबा नानकप्रमाणे गुरदासपूर जिल्ह्यातच आहे.

'क्रिएटिव्ह ग्रुप'च्या वास्तुकारांनी रचनेला आधार घेतला तो शिखांच्या खंडा या चिन्हाचा. मध्ये दुधारी खड्ग, भोवती चक्र, दोन बाजूंना दोन कृपाणी. एक कृपाण ऐहिक सत्तेची, दुसरी आध्यात्मिक. मीरी आणि पीरी. नुसती शोभा म्हणून हे चिन्ह निवडलं असतं, तर त्याचं कौतुक तिथेच संपलं असतं. पण या इमारतीत खरोखरच दोन सत्ता एकाच छताखाली नांदतात. मार्ग खुला असताना पन्नासहून अधिक खिडक्यांवर राज्यसत्ता पारपत्र तपासते, आणि त्याच रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीच्या ओठांवर जप असतो. आकार आणि आशय इतके एकजीव झालेले सरकारी बांधकामात क्वचित दिसतात.

आता शाश्वततेचं पाहू. दिवसाला पाच हजार यात्रेकरूंची सोय इथे योजली आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं, असा यात्रेचा नियम. म्हणजे मार्ग खुला असताना इमारत दिवसातून दोनदा भरते, एरवी बरीचशी रिकामी. विमानतळावर माणसांचा ओघ दिवसभर वाटला जातो. इथे तो लोटासारखा येतो. अशा गर्दीला खरा आधार उघड्या पण सावलीच्या जागांचा. म्हणून या रचनेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते दालनाबाहेरचं: सरहद्दीच्या शून्य रेषेकडे नेणारा छताखालचा मार्ग, पाण्याची जागा, झाडी, बसायचे सावलीतले ओटे. गर्दी तिथे पसरते, विसावते, आणि त्यासाठी विजेचं एक युनिटही जळत नाही. उलट संपूर्ण वातानुकूलित मुख्य दालन गर्दीच्या दोन वेळांसाठी मोठा भार वाहतं. पंजाबचा उन्हाळा कडक, हे खरं. तरी आतला चौक आणि खोल ओसऱ्या यांनी तो भार हलका झाला असता.

सीमेवरच्या वास्तूला आणखी एक कसोटी असते. करतारपूरचा मार्ग मार्च २०२०मध्ये साथीमुळे बंद झाला, नोव्हेंबर २०२१मध्ये उघडला आणि मे २०२५मध्ये दोन देशांतल्या संघर्षाने पुन्हा थांबला. दार किती काळ उघडं राहील हे वास्तुकाराच्या हाती नसतं. बंद काळात इमारत किती खर्च मागते, हे मात्र बरंचसं त्याच्या हाती असतं. यंत्रांवर उभी असलेली जागा वापराविना झिजते आणि देखभालीचा खर्च मागते. झाडं मात्र त्या काळात वाढतच राहतात.

म्हणून सरहद्दीवर पुढचं टर्मिनल आखणाऱ्याने या वास्तूकडून मीरी-पीरीचा तोल जरूर घ्यावा, आणि कागदावर पहिली रेघ सावलीची ओढावी. यंत्रांची जागा त्यानंतर ठरवावी.