विटा किती काढायच्या?

शिकागोच्या रॉबी हाऊसच्या विटा लांबट आणि पातळ आहेत. १९१० च्या सुमारास हे घर पुरं झालं, तेव्हा त्याचा आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट याने आडव्या सांध्यांतला मसाला खोल खरवडून घेतला होता आणि उभे सांधे विटेच्याच रंगात मिसळून टाकले होते. भिंतीकडे पाहताना नजर आडवीच धावते. पोतातलं काय दिसावं आणि काय विरावं, याचा निवाडा राइटने बांधकामातच करून ठेवला होता.

इमारतीचं चित्र काढताना हाच निवाडा पुन्हा करावा लागतो. १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉर्ज विंकेनबाक आणि डेव्हिड सेल्सिन यांनी संगणकाकडून पेन-शाईची वास्तुचित्रं काढून घेतली. त्यांच्या नमुन्यांत रॉबी हाऊसही होतं. त्यांच्या पद्धतीत पोत म्हणजे क्रम लावलेल्या रेघांचा साठा. महत्त्वाच्या रेघा आधी उमटतात आणि सावली गडद हवी असेल तशी त्यांत भर पडते. चित्र लहान छापायचं असेल तर रेघा कमी होतात, त्यामुळे भिंतीचं काळं डबकं होत नाही. मात्र विटांचा तपशील भिंतीच्या कोणत्या भागात दाखवायचा आणि कुठे कोरी जागा सोडायची, हे ठरवायला त्यांनी माणूसच ठेवला. संगणकावर हाताने काढल्यासारखी चित्रं करण्याच्या कलेचं मर्म तीस वर्षांनंतरही तिथेच आहे.

केंब्रिजच्या मार्टिन सेंटरमधल्या संशोधनातून आलेल्या ‘पिरानेसी’ या चित्र रंगवण्याच्या संगणकप्रणालीने दुसरी वाट धरली. तिच्या चित्रातल्या प्रत्येक बिंदूला आपलं अंतर आणि आपलं मटेरियल ठाऊक असे. त्यामुळे ब्रश फिरवला की कौलं पर्स्पेक्टिव्हमध्ये लहान होत जात आणि रंग शेजारच्या भिंतीवर सांडत नसे. हात माणसाचाच राहिला, फक्त तो चुकायचा कमी झाला.

आजचं चित्र इतकं समाधानकारक नाही. स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये एक स्टाइल निवडली की सगळ्या कडा थरथरतात. फोटोशॉपमध्ये जलरंगाचा एक थर आकाश, काच आणि काँक्रीट यांवर सारखाच पसरतो. दगड आणि पाणी एकाच कागदाचे झाले, तर पोत कशासाठी? शिवाय रेखाटनासारख्या चित्रांचं एक वचन असतं. १९९६ मध्ये जर्मन संशोधकांनी आर्किटेक्टना विचारलं, तेव्हा सुरुवातीच्या कच्च्या मसुद्यासाठी त्यांनी अशा चित्रालाच पसंती दिली. हलती रेघ सांगते की अजून बदल करता येईल. सगळं ठरून गेलेल्या इमारतीवर तीच रेघ चढवली, तर ते बघणाऱ्याला फसवणं आहे.

गेल्या दशकात संगणकाच्या चकचकीत रेंडरला कंटाळलेली आर्किटेक्ट मंडळी कोलाजकडे वळली. पोर्तोचं फाला आतेलिए आणि मेक्सिकोच्या तातियाना बिल्बाओ ही त्यांतली ठळक नावं. या वाटेचा एक पूर्वज म्हणजे आर्किटेक्ट मीस व्हान डर रोह. १९३० च्या दशकाअखेरीस रेसर हाऊसच्या कोलाजमध्ये त्याने पाउल क्लेच्या चित्राच्या छापील प्रतीसोबत खऱ्या लाकडाचं व्हीनियर चिकटवलं. लाकूड दाखवायला लाकूडच! त्याच्या शेजारी बाकीचा कागद जवळजवळ कोरा आहे, म्हणूनच त्या लाकडाला वजन येतं. आजच्या पुष्कळ कोलाजांत ही कोरी जागाच हरवली आहे. तोच ठिपक्यांचा टेराझो, तीच गुलाबी भिंत, तीच कापून आणलेली माणसं.

आपल्याकडे पाहायचं तर, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादच्या ‘संगाथ’ या आपल्या स्टुडिओसाठी लघुचित्रांच्या धाटणीची रेखाटनं केली. तिथे झाडं, माणसं आणि कमानदार छपरं एकाच सपाट जगात नांदतात. प्रत्यक्षात त्या छपरांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे जडवलेले आहेत आणि उन्हात ते चमकतात.