राजाच्या रिबिनी विकणारा माणूस

यंदाच्या जानेवारीत तृतीय वर्षाच्या वर्गातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबली. १ तारखेला ती घरच्यांबरोबर भीमा कोरेगावला जाऊन आली होती. वसतिगृहात तिला कोणीतरी विचारले होते, 'तुमचे लोक इंग्रजांकडून लढले, त्याचा कसला अभिमान?' तिने मला विचारले, "सर, याला उत्तर काय द्यायचे?"

मी उत्तर दिले. पेशवाईतले गळ्यातले गाडगे सांगितले, पोटाची खळगी सांगितली, बाबासाहेब १९२७ साली त्या स्तंभापाशी गेले होते तेही सांगितले. उत्तर खोटे नव्हते. पण ते मी शंभर वेळा दिलेले होते आणि दर वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून दिलेले होते. विचारणारा न्यायाधीशाच्या खुर्चीवर केव्हा जाऊन बसला, हे मात्र मी कधी विचारलेच नाही.

त्याच दिवसांत मी आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या कादंबऱ्या वाचत होतो. अभ्यासक्रमाला एक पाठ होता, त्याची तयारी म्हणून सुरुवात केली आणि अडकलो. त्या वाचनात या प्रश्नाकडे पाहण्याची दुसरी रीत सापडली. तिच्याबद्दल लिहितो आहे.

आपल्याकडच्या राष्ट्रवादी मंडळींना आयर्लंडचे प्रेम जुने. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडचा. त्याच एप्रिलच्या २४ तारखेला डब्लिनमध्ये ईस्टरचे बंड झाले. या आयर्लंडमध्ये हुतात्मे होते, झेंडे होते, फासावरची भाषणे होती. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आयर्लंडचा दाखला दिला तो वेगळ्याच कारणासाठी. दक्षिणेचे पुढारी हवी ती संरक्षणे द्यायला तयार असताना अल्स्टरने ती का झिडकारली, हे ते विचारत होते. अल्स्टरची बाजू खरी, असे त्यांना म्हणायचे नव्हते. ज्यांच्यावर राज्य चालणार त्यांचा राज्य करणाऱ्यांवर भरवसा आहे काय, हे आधी पाहा, एवढाच त्यांचा रोख. झेंड्याकडे न पाहता झेंड्याखालच्या माणसांच्या परस्परसंबंधाकडे पाहण्याची ही दृष्टी आहे. माझ्या मते चांगल्या आयरिश कादंबरीकारांचीही तीच आहे.

सगळ्यांची नाही. या विषयावरच्या कादंबऱ्यांचा एक मोठा गठ्ठा जमीनदारांच्या वाड्यांचा आहे. एलिझाबेथ बोवेनची 'द लास्ट सप्टेंबर' (१९२९) आणि जे. जी. फॅरेलची 'ट्रबल्स' (१९७०) ही त्यातली उत्तम उदाहरणे. वाडे जळतात, टेनिस थांबते, एक जग संपते. लेखन कसदार आहे आणि फॅरेलचा उपहास तर धारदार आहे. पण जळणाऱ्या वाड्याच्या स्वयंपाकघरात कोण होते, हे मला वाचताना सारखे वाटत राहिले. आपल्याकडेही पडक्या वाड्यांवर गळे काढणारे वाङ्मय थोडे नाही. तेव्हा पुढे जाऊ.

जेम्स प्लंकेटची 'स्ट्रम्पेट सिटी' १९६९ साली आली. प्लंकेट हा गॅस कंपनीतला कारकून आणि पुढे कामगार संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता. कादंबरीचा काळ १९०७ ते १९१४. म्हणजे बंड सुरू होण्याच्या दोन वर्षे आधीच ती संपते. स्वातंत्र्यलढ्याच्या कादंबऱ्यांत तिला का मोजायचे, असे कोणी म्हणेल. स्वातंत्र्य ज्यांच्या नावाने मागितले जाणार होते ते कुठे राहत होते हे ती दाखवते, म्हणून.

ते चाळीत राहत होते. एके काळी सरदारांसाठी बांधलेली तिमजली-चारमजली घरे, आता एकेका खोलीत एकेक कुटुंब. १९११ च्या जनगणनेत हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या १४ क्रमांकाच्या एका घरात १०० माणसे नोंदलेली आहेत. शहरात एका खोलीत राहणारी कुटुंबे सुमारे २० हजार. २ सप्टेंबर १९१३ रोजी चर्च स्ट्रीटवरची अशी घरे कोसळून ७ माणसे मेली. प्लंकेटचा रॅशर्स टिअर्नी अशाच एका घराच्या तळघरात राहतो. रॅशर्स म्हणजे डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या. हे काही आईबापांनी कौतुकाने ठेवलेले नाव नव्हे. कचरू, धोंड्या, दगड्या ही नावे ज्यांच्या घरात झाली त्यांना यावर टीप नको. रॅशर्स पत्र्याची बासरी वाजवून भीक मागतो आणि मिळेल ते काम करतो. सोबतीला एक कुत्रा.

कादंबरी उघडते तेव्हा १९०७ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड डब्लिनला यायचा आहे. रॅशर्स काय करतो? राजाच्या स्वागताच्या रंगीत रिबिनी विकायला निघतो. परकीय राजाच्या मिरवणुकीत चार पैसे मिळवायचे, एवढाच त्याचा राजकीय कार्यक्रम.

आता त्याच भेटीतली इतिहासातली एक गोष्ट पाहा. विल्यम मार्टिन मर्फी हा डब्लिनचा बडा उद्योगपती, ट्राम कंपनीचा मालक आणि वर्तमानपत्राचाही मालक. आयरिश, कॅथलिक, राष्ट्रवादी पक्षाचा माजी खासदार. राजाने देऊ केलेली 'सर' ही पदवी त्याने १९०७ साली नाकारली. केवढा हा स्वाभिमान! याच मर्फीने १९१३ मध्ये जिम लार्किनच्या संघटनेत राहणाऱ्या कामगारांना कामावरून काढले, इतर मालकांना एकत्र केले आणि सुमारे २० हजार कामगारांना टाळेबंदीत महिनोन्महिने उपाशी ठेवले. मे १९१६ मध्ये बंडाच्या पुढाऱ्यांना एकामागून एक गोळ्या घातल्या जात होत्या, तेव्हा याच्याच पत्राने उरलेल्यांना दया दाखवू नका असे लिहिले. उरलेल्यांत जेम्स कॉनॉली होता. जखमी कॉनॉलीला १२ मे रोजी खुर्चीला बांधून मारले.

तर राजाची पदवी नाकारणारा देशभक्त आणि राजाच्या रिबिनी विकणारा देशद्रोही, असा हिशोब मांडायचा काय? प्लंकेट हा प्रश्न कुठेही उघड विचारत नाही. तो आपल्याला रॅशर्सबरोबर चालवतो, त्याच्या शिव्या ऐकवतो. या शिव्या फार महत्त्वाच्या आहेत. दयेने लिहिलेला गरीब मुका असतो. रॅशर्स पाद्र्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना जोखतो आणि हसतो. त्याच्या वाट्याला येणारा फादर ओकॉनर गरिबांची सेवा करायची म्हणून मुद्दाम गरीब वस्तीतल्या चर्चमध्ये बदली मागून आलेला आहे, आणि त्यांच्या वासाने त्याला मळमळते. असे समाजसेवक आपण पाहिले आहेत. टाळेबंदीत उपाशी मुलांना इंग्लंडमधल्या कामगारांच्या घरी थोडे दिवस पाठवायची योजना निघाली, तेव्हा मुलांचा धर्म बुडेल म्हणून पाद्र्यांनी ती बंदरावर अडवली. हाही इतिहास आहे, आणि फादर ओकॉनर त्याच बाजूचा. शेवटी रॅशर्स तळघरात एकटा मरतो, उंदीर प्रेत खातात, आणि फादरला त्या तळघरात उतरावे लागते. ते प्रकरण मी दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचवले नाही.

एक दोष सांगितला पाहिजे. फिट्झ हा या कादंबरीतला संपकरी नायक जरा जास्तच स्वच्छ आहे. तो चुकत नाही, घसरत नाही. कार्यकर्ता लेखक झाला की आपल्या माणसाला इस्त्री करतो. हा मोह आपल्या लेखनातही आहे. पण फिट्झचा शेवट प्लंकेटने खरा लिहिला. संप मोडतो, काळ्या यादीतल्या माणसाला शहरात काम मिळत नाही आणि १९१४ साली तो ब्रिटिश सैन्यात भरती होऊन बोटीवर चढतो. लढ्याचा नायक राजाचा गणवेश घालतो आणि कादंबरी तिथेच संपते. त्याला कोणी जाब विचारत नाही.

जाब रस्त्यावर विचारला गेला. पहिल्या महायुद्धात सुमारे २ लाख आयरिश माणसे ब्रिटिश सैन्यात होती. डब्लिनच्या चाळींतल्या त्यांच्या बायकांना सरकारकडून भत्ता मिळे. बंड फसल्यावर कैद्यांना नेत होते तेव्हा याच बायकांनी त्यांना शिव्या घातल्या. राष्ट्रीय इतिहासात त्या बायका काळ्या शाईने लिहिल्या आहेत. रॉडी डॉयलच्या 'अ स्टार कॉल्ड हेन्री' (१९९९) या कादंबरीत त्या भत्ता मागायला थेट बंडखोरांनी ताब्यात घेतलेल्या पोस्टाच्या इमारतीपुढे येतात. क्रांती आत, भाकरी बाहेर. डॉयल हसवतो, पण बायकांना हसत नाही.

या कादंबरीचा नायक हेन्री स्मार्ट चाळीत जन्मलेला, रस्त्यावर वाढलेला. त्याची आणि धाकट्या भावाची शाळा दोन दिवसांची. तिसरा दिवस उजाडत नाही. भाऊ क्षयाने मरतो. चौदाव्या वर्षी हेन्री बंदूक घेऊन पोस्टाच्या इमारतीत आहे आणि समोरच्या दुकानांच्या काचांवर गोळ्या झाडतो. त्याचा शत्रू काचेपलीकडचा माल आहे, जो जन्मभर दिसला आणि मिळाला नाही. दुकाने लुटणाऱ्या गरिबांना गोळ्या घालायच्या की नाही, यावरून आतले बंडखोर एकमेकांवरच बंदुका रोखतात. संपूर्ण स्वातंत्र्यलढ्याचे अंतरंग या एका प्रसंगात उघडे पडते. पुढे हेन्री वरिष्ठांकडून चिठ्ठीवर आलेली नावे एकामागून एक संपवतो. मग कळते की त्याचा बाप ज्या धनदांडग्याच्या हुकमावरून माणसे मारत होता, तोच आता नव्या राज्यात मंत्री झाला आहे. बापाने आणि मुलाने एकाच मालकाची चाकरी केली. मधल्या काळात फक्त झेंडा बदलला.

हेन्रीला अचाट ताकद आणि अचाट रूप देऊन डॉयलने माझ्या मते कादंबरीचे नुकसान केले. सगळ्या मोठ्या प्रसंगी तो हजर. शोषिताला इतिहासात जागा हवी तर त्याने बाहुबली असलेच पाहिजे का? रॅशर्स काहीच करत नाही आणि तरी मनातून हलत नाही.

सेबॅस्टियन बॅरीच्या 'अ लाँग लाँग वे' (२००५) मधला विली डन पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. उंची कमी भरली म्हणून पोलिसात जाता आले नाही, तेव्हा सैन्यात गेला. १९१६ मध्ये रजेवरून परतताना त्याला त्याच्याच शहरात, त्याच्याच लोकांपुढे बंदूक घेऊन उभे केले जाते. त्याने काय करावे, हे बॅरी सांगत नाही. दोन्हीकडून परका झालेला तरुण तो दाखवतो. बंडाचा सेनापती कॉनॉली स्वतः एडिंबरोच्या गरीब वस्तीतला आणि तरुणपणी ब्रिटिश सैन्यात शिपाई होता, हेही लक्षात ठेवावे. गरिबाच्या अंगावर गणवेश कोणाचा, यावरून त्याचे मन वाचता येत नाही.

इथे हात आखडता घेतला पाहिजे. डब्लिनची चाळ म्हणजे महारवाडा नव्हे. रॅशर्सचा वास येतो म्हणून पाद्री नाक मुरडतो, पण चर्चमध्ये बॉयलरला कोळसा घालण्याचे काम रॅशर्सला मिळते. देवाच्या घराची आग पेटवायला त्याचा हात चालतो. मुंबईच्या गिरण्यांत विणाईच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेल्या धाग्याला थुंकी लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. लार्किनपुढे असा प्रश्न कधी आला नाही. माझे आजोबा १९८२ च्या संपात गिरणीतून गावी परतले आणि पुन्हा गेले नाहीत, म्हणून टाळेबंदीची भूक मला ऐकून ठाऊक आहे. पण आजोबांची आधीची एक भूक होती. ती प्लंकेटला ठाऊक असण्याचे कारण नाही.

एका शब्दातच हा फरक दिसतो. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सगळा व्यवहार तोडला. मजूर गेले, धोबीण गेली, टपाल येईना. त्याच्या नावावरून जगाला शब्द मिळाला. मराठीत तो 'बहिष्कार' झाला. तिथे तो दुबळ्यांनी बलवंतावर टाकला. आपल्याकडे गावाने तो आमच्यावर टाकला, आणि १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या पत्राला नाव दिले 'बहिष्कृत भारत'.

मराठी ऐतिहासिक कादंबरीत गड आहेत, घोडे आहेत, राण्या आहेत. घोड्यांना दाणा कोण घालतो ते नसते. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. त्यातला शिपाई गणवेश उतरवून गावी आला तेव्हा पाटलाने त्याला कोणते काम सांगितले असेल? त्याची बायको मनिऑर्डर घ्यायला कोणत्या दाराने जात असेल? मला ही कादंबरी वाचायची आहे. तिच्यात कोरेगावचे समर्थन नको आणि खुलासाही नको.

'स्ट्रम्पेट सिटी' मी त्या विद्यार्थिनीला दिली. महिन्याने तिने ती परत आणली. तिने त्या मुलीला काय उत्तर दिले, ते मी विचारले नाही. तिच्या घरी खापरपणजोबांचे पहिल्या महायुद्धातले एक पदक आहे, असे ती आपण होऊन म्हणाली. आजीने कपाटात जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवले आहे. कडेवरचा नंबर वाचता येतो. नाव झिजले आहे.