ठिपक्यांचं विमान आणि न परतलेली माणसं

रिसर्च मेथडॉलॉजीच्या कुठल्याही कार्यशाळेला जा, एक स्लाइड हमखास येते. वरून काढलेलं विमानाचं चित्र, पंखांवर, शेपटीवर आणि मधल्या भागावर लाल ठिपके. मग गोष्ट सुरू होते. दुसरं महायुद्ध. परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते लष्कराने मोजलं आणि ठरवलं, जिथे भोकं जास्त तिथे चिलखती पत्रा लावू. तेवढ्यात अब्राहम वाल्ड नावाचा गणिती उठतो आणि म्हणतो, जिथे भोकं नाहीत तिथे लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. टाळ्या. पुढची स्लाइड.

मीही या टाळ्या वाजवल्या आहेत. इतकंच काय, ज्युनियर्सच्या ओरिएंटेशनमध्ये हीच गोष्ट मी रंगवून सांगितली आहे. त्याच महिन्यात लॅबमध्ये माझ्या फेराइटच्या पेलेट सिंटरिंगनंतर फर्नेसमधून तडकलेल्या निघत होत्या. त्या मी कचऱ्यात टाकत होतो आणि उरलेल्यांची घनता मोजून सुंदर आलेख काढत होतो. गाइडने एकच प्रश्न विचारला, "तडकलेल्या किती होत्या?" माझ्या वहीत तो आकडाच नव्हता. गोष्ट तोंडपाठ होती, पण तिचा उपयोग शून्य.

त्यानंतर वाल्डचं मूळ काम वाचायला घेतलं. आज मला या लोकप्रिय गोष्टीवर टीका करायची आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती इतकी गुळगुळीत केलेली आहे की संशोधन शिकणाऱ्याला नेमकं जे हवं तेच तिच्यातून गळून गेलंय.

आधी चित्राबद्दल. ते ठिपके वाल्डच्या कागदपत्रांतले नाहीत. कित्येक वर्षांनंतर समजावून सांगण्यासाठी काढलेलं ते चित्र आहे आणि त्यातला डेटा काल्पनिक आहे. वाल्ड कोलंबिया विद्यापीठातल्या स्टॅटिस्टिकल रिसर्च ग्रुपमध्ये काम करत होता. १९४३ मध्ये त्याने या प्रश्नावर आठ टिपणं लिहिली. ती १९८० मध्ये एकत्र पुनर्मुद्रित झाली. त्यांत कुणी उठून सेनाधिकाऱ्यांना गप्प करत नाही. त्यांत आहेत समीकरणं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गृहीतकं.

टिपणांतलं एक उदाहरण बघू. आकडे वाल्डनेच समजावण्यासाठी घेतलेले आहेत. ४०० विमानं गेली, ३८० परतली. परतलेल्यांपैकी ३२० ना एकही गोळी नाही, ३२ ना एक, २० ना दोन, ४ ना तीन, २ ना चार आणि २ ना पाच. जी २० परतली नाहीत त्यांना किती गोळ्या लागल्या, ठाऊक नाही. प्रश्न असा की एका गोळीने विमान पडण्याची शक्यता किती?

वाल्ड गृहीत धरतो की विमान फक्त गोळीनेच पडतं, बिघाडाने नाही. मग गोळी लागलेली एकूण विमानं किती? परतलेली ६० आणि पडलेली २०, म्हणजे ८०. आता एक गोळी सोसून टिकण्याची शक्यता 'क्यू' माना आणि प्रत्येक गोळीला ती तेवढीच आहे असं धरा. तर दोन गोळ्या सोसण्याची शक्यता क्यूचा वर्ग, तीनची क्यूचा घन. एक गोळी खाऊन ३२ परतली असतील तर ज्यांच्या नशिबी एकच गोळी होती अशी विमानं ३२ भागिले क्यू इतकी असणार. दोनवाली २० भागिले क्यूचा वर्ग. असं पाचपर्यंत करून सगळ्यांची बेरीज ८० यायला हवी. कॅल्क्युलेटर घ्या आणि क्यू = ०.८५१ टाकून बघा. अनुक्रमे ३७.६, २७.६, ६.५, ३.८ आणि ४.५ येतात. बेरीज बरोबर ८०. म्हणजे एका गोळीने विमान पडण्याची शक्यता सुमारे १५ टक्के.

हाच हिशेब पुढे नेला तर पडलेल्या २० पैकी साधारण १२ पहिल्याच गोळीला पडली असणार, असंही निघतं. एकही पडलेलं विमान न बघता! मला हे समजलं तेव्हा खरोखर अंगावर काटा आला. विमानाच्या वेगवेगळ्या भागांचा हिशेबही त्याने पुढे याच रीतीने मांडला आणि त्याच्या उदाहरणात इंजिन सगळ्यात नाजूक ठरलं.

पण थांबा. आता त्या गृहीतकाला जरा धक्का देऊ. समजा २० पैकी ५ विमानं गोळी लागण्याआधीच ढगात वाट चुकून डोंगरावर आदळली. मग गोळी लागलेली विमानं ८० नाहीत, ७५. तोच हिशेब पुन्हा करा. शक्यता १५ वरून १२ टक्क्यांवर येते. समीकरण तेच आहे, परतलेल्या विमानांवरची भोकंही तीच. बदललं ते फक्त एक गृहीतक. वाल्डने ते स्पष्ट लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते तपासता येतं. गोष्टीतल्या वाल्डला मात्र गृहीतकांची गरजच पडत नाही, त्याला एकदम साक्षात्कार होतो. इथेच ही गोष्ट आपल्याला फसवते.

आणि विमानं इतर कारणांनी पडत होतीच. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमधल्या सुमारे १,२५,००० विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मरण पावले. त्यातले ८,३०५ प्रत्यक्ष मोहिमेवर नव्हतेच, म्हणजे प्रशिक्षणातले आणि इतर अपघात. आपल्याकडे बघा. आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद नेणाऱ्या 'हंप' मार्गावर सुमारे ६०० विमानं गेली आणि तिथला मोठा शत्रू हवामान होतं. अरुणाचलच्या जंगलात त्यांचे अवशेष अजूनही सापडतात. या विमानांना ठिपक्यांचं चित्र लावाल तर उत्तर चुकेलच.

माझी दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. या गोष्टीत माणूसच नाही. 'विमान परतलं नाही' असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानात सात जण असत. ते विमान पडलं की सातही मेले, असं आपण नकळत धरून चालतो. तेही गृहीतकच आहे.

ते तपासलं गेलं इंग्लंडमध्ये. फ्रीमन डायसन, पुढे नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ, १९४३ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बॉम्बर कमांडच्या ऑपरेशनल रिसर्च विभागात लागला. त्याने नंतर लिहिलंय की त्याच्या एका सहकाऱ्याने वेगळाच प्रश्न विचारला होता: पडलेल्या विमानांतून किती जण जिवंत बाहेर पडतात? पकडल्या गेलेल्यांची नावं रेडक्रॉसमार्फत इंग्लंडला कळत, त्यामुळे हे मोजणं शक्य होतं. उत्तर आलं ते असं. हॅलिफॅक्समधून सुमारे २५ टक्के, लँकेस्टरमधून १५ टक्के. म्हणजे लँकेस्टरच्या सातांतला जेमतेम एक. गंमत बघा, किती विमानं परतली नाहीत या तक्त्यात लँकेस्टर हॅलिफॅक्सपेक्षा सरस होतं! लँकेस्टरचं उडी मारून बाहेर पडायचं झाकण सुमारे दोन इंच अरुंद होतं. जाड कपडे आणि पॅराशूट अंगावर असताना, अंधारात, कोसळत्या विमानात दोन इंच म्हणजे काय ते मी सांगायला नको. मोठं झाकण बसेपर्यंत फार उशीर झाला.

परतलेल्या विमानावरच्या भोकांतून हे झाकण कधीच दिसलं नसतं. त्यासाठी एकक बदलावं लागलं: विमान नाही, माणूस. आणि न परतलेल्यांचा शोध घ्यावा लागला.

हुशार लोकांनाही हे दर वेळी जमलं नाही. जर्मन लढाऊ विमानांनी १९४३ पासून वरच्या दिशेने रोखलेल्या तोफा वापरल्या. ती रात्री बॉम्बफेक्यांच्या पोटाखाली येत आणि तिथून मारत. ज्यांच्यावर असा हल्ला झाला ते बहुतेक सांगायला परतलेच नाहीत. डायसनने प्रांजळपणे लिहिलंय की आमच्या विभागाला हे वेळेत कळलं नाही. न परतलेल्यांचा विचार करणं ज्यांचं रोजचं काम होतं, त्यांची ही कथा. म्हणून "मला सर्व्हायव्हरशिप बायस माहीत आहे" हे वाक्य ऐकलं की आता मला जरा भीती वाटते.

वाल्डचा शेवटही विमान अपघातातच झाला. डिसेंबर १९५० मध्ये तो भारतात व्याख्यानांसाठी आला होता. नीलगिरीच्या डोंगरात प्रवासी विमान कोसळलं आणि तो पत्नीसह गेला. वय अवघं ४८. बरेच जण या योगायोगावर आपली गोष्ट संपवतात. मला ते बरं वाटत नाही. त्याचं मरण काही आपल्या स्लाइडसाठी नव्हतं.

तर पेटची, कोर्सवर्कची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, ही गोष्ट सांगा, जरूर सांगा. पण ती सांगून झाल्यावर स्वतःच्या कामाला तीन प्रश्न विचारा. माझ्या डेटात कोण आलंच नाही? ते का आलं नाही याबद्दल मी काय धरून चाललोय, आणि ते लिहून ठेवलंय का? जे आलं नाही त्याच्यापर्यंत पोचायची एखादी वाट आहे का, अगदी कैद्यांच्या यादीसारखी आडवाट का असेना? प्रश्नावलीला उत्तर न दिलेले, मध्येच शाळा सोडलेले, उगवलंच नाही असं बियाणं, सगळ्यांना हेच लागू.

माझ्या टेबलाखाली आता प्लॅस्टिकचा एक डबा आहे. तडकलेल्या पेलेट त्यात जातात, तारीख आणि तापमान लिहून. परवा त्यातल्या बऱ्याचशा एकाच बॅचच्या निघाल्या. ज्या बॅचचा आलेख मी सगळ्यात सुंदर म्हणून गाइडला दाखवला होता, तीच ती बॅच.