न्यू इंग्लिश स्कूलचा इतिहास : स्वातंत्र्य आणि मॅट्रिकचे दार

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलला अनन्यसाधारण स्थान आहे. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शाळा सुरू केली. गोपाळ गणेश आगरकर लवकरच तीत दाखल झाले. या शाळेविषयीचे बहुतेक लेखन संस्थापकांच्या त्यागाभोवती फिरते. तो त्याग खराच. तथापि त्यागाची गाथा म्हणजे शाळेचा इतिहास नव्हे. प्रस्तुत लेखात या लेखनपरंपरेकडे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून पाहावयाचे आहे.

रत्नागिरीचा येथे संबंध उपरा नाही. टिळकांचा जन्म १८५६ साली याच गावी झाला; वडील गंगाधरपंत येथे शिक्षक होते. आगरकर शिक्षणाच्या ओढीने कऱ्हाडहून पायी येथे आले आणि आधार न मिळाल्याने परतले. चिपळूणकरांची बदली येथील सरकारी हायस्कुलात झाली होती व १८७९ मध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन ते पुण्यास गेले. तिघांच्याही चरित्रांत रत्नागिरी येते ती सोडून जाण्याचे ठिकाण म्हणून. चरित्रकारांना त्यात काही वावगे वाटत नाही, हे लक्षणीय आहे.

शाळा 'स्वतंत्र' होती म्हणजे नेमके काय? व्यवस्थापन स्वतंत्र होते, शिक्षकांची निवड स्वतंत्र होती. परंतु यशाचे माप मात्र मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेचेच होते. शाळेच्या कीर्तीचा पाया संस्कृतसाठीच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्यांवर रचला गेला आणि १८८२ मध्ये हंटर आयोगाच्या अध्यक्षांनी केलेली प्रशंसा आजही अभिमानाने सांगितली जाते. सरकारी नोकरी नाकारणाऱ्यांना सरकारी आयोगाची शाबासकी मोलाची वाटावी, यात ढोंग नाही; ती त्या काळाची कोंडी होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये निघालेल्या महाविद्यालयास, १२०० रुपयांची देणगी देणाऱ्या गव्हर्नर फर्ग्युसनचे नाव मिळाले. याउलट विष्णु गोविंद विजापूरकरांच्या तळेगावच्या समर्थ विद्यालयाने राष्ट्रीय शिक्षणाची निराळी वाट धरली आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. मॅट्रिकचे दार मान्य करणारी शाळा टिकली, न करणारी टिकली नाही. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली त्यामागील वाद आजीव सदस्यांच्या बाहेरील मिळकतीचा, अर्थात संस्थेच्या शिस्तीचा होता. या मूलभूत प्रश्नाचा नव्हे.

आता मिरकरवाडा. हायस्कूल आणि बंदर एकाच गावातले. पण मॅट्रिकपर्यंत पोचण्यास सलग वर्षे व फी लागे, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात उतरल्या की हाताशी आलेला मुलगा घराला हवा असे. अशा मुलाला शाळा सरकारी की स्वतंत्र, याने कोणता फरक पडणार होता? रत्नागिरीत महाविद्यालय निघाले ते १९४५ मध्ये. तोवर मॅट्रिकनंतरची वाट पुण्या-मुंबईचीच होती, म्हणजे पुन्हा खर्चाची.

शाळांच्या गौरवग्रंथांत शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांच्या याद्या हमखास असतात. जनरल रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असाही एक रकाना असतो. मिरकरवाड्यातील मुलांच्या नावांपुढे तेथे काय लिहिले आहे, ते वाचण्याचे काम रत्नागिरीच्या अभ्यासकांनी हाती घ्यावयास हवे.