गार्देलचा आवाज बदलला की मशीन?

मागच्या वर्षी माझ्या डेटात एक देखणा ट्रेंड दिसला. दोन दिवस मी हवेत! मग लॉगबुक चाळताना कळलं की बरोबर मधल्या तारखेला डिटेक्टर बदलला होता. त्याच सुमारास मी कार्लोस गार्देल ऐकत होतो आणि त्याच्याबद्दल वाचतही होतो. तिथेही हाच घोळ दिसला, म्हणून ही पोस्ट.

गार्देल हा टँगोचा सर्वांत प्रसिद्ध गायक. १९१७ मध्ये त्याने 'मि नोचे त्रिस्ते' रेकॉर्ड केलं आणि नाचायचा टँगो हा गोष्ट सांगणारं गाणंही झाला. पुढे पॅरिस, न्यूयॉर्क, पॅरामाउंटचे चित्रपट. आणि २४ जून १९३५ ला कोलंबियातल्या मेडेलिनमध्ये विमान अपघातात मृत्यू.

त्याच्यावरच्या लिखाणात एक वाद संपता संपत नाही: जन्म कुठला? १९२० मध्ये त्याने ब्युनॉस आयर्समधल्या उरुग्वेच्या वकिलातीत नोंद केली: जन्म ताक्वारेम्बो, १८८७. १९३३ च्या मृत्युपत्रात मात्र तो लिहितो: जन्म फ्रान्समधल्या तुलूझचा, ११ डिसेंबर १८९०. दोन्ही कागद त्याचेच. मग कुठला धरायचा?

कागद काय सांगतो याच्याआधी तो कशासाठी केला हे विचारा. फ्रान्समध्ये जन्मलेल्या तरुणाला पहिल्या महायुद्धात सैन्यात जावं लागलं असतं. तो गेला नव्हता. म्हणून दुसरा देश सोयीचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण मृत्युपत्रालाही हेतू होताच: सगळं आईला, बेर्त गार्देसला, मिळावं. मग तुलूझ का मानायचं? कारण तिथल्या जन्मनोंदीत तीच तारीख आहे. हे बाळ पुढे कोण होणार हे ती नोंद करणाऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. स्वतंत्र पुरावा म्हणतात तो हा.

इथवर चरित्रकार चोख काम करतात. माझी तक्रार पुढची आहे. जन्मदाखल्याला लावलेली ही चाळणी आवाजाला कुणी लावत नाही. 'उत्तरार्धात आवाज उबदार, खोल झाला' असं सर्रास लिहिलं जातं. पण १९२६ च्या सुमारास रेकॉर्डिंगच बदललं! आधी गायक भोंग्यात गात असे. भोंगा खालचे आणि वरचे स्वर बरेचसे गाळायचा. मग मायक्रोफोन आला आणि हळू आवाजातलं गाणंही तबकडीवर उतरायला लागलं. म्हणजे 'खोली' गळ्यातली किती आणि मशीनची किती?

'मि नोचे त्रिस्ते' त्याने १९३० मध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं. दोन्ही लागोपाठ ऐका. गाणं तेच, पण वय, गिटारवाले आणि मशीन तिन्ही बदललेले. त्यामुळे स्वराच्या पोताबद्दल या जोडीवरून ठाम बोलता येत नाही. जुन्या तबकडीचा वेग नक्की माहीत नसेल तर पट्टीबद्दलही नाही. पण एक गोष्ट भोंग्यातूनही सुटत नाही: शब्द कधी येतो. गिटार सरळ चालते. गार्देल एक शब्द रेंगाळत ठेवतो, पुढचा घाईने उरकतो, समोर बसून बोलल्यासारखा. हे १९१७ मध्येही ऐकू येतं. माझ्या मते त्याचं मोठेपण इथे आहे, आणि ते मायक्रोफोनने दिलेलं नाही. 'आवाज पिकत गेला' ही कथा नेमकं हेच झाकते. सुरुवातीच्या तबकड्यांना ती कच्चा खर्डा ठरवते आणि तंत्रज्ञानाचं श्रेय वयाला देते.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक 'वाढ' आणि 'घट' समोर एकच प्रश्न लिहा: मधे मशीन बदललं का? आणि बदललं असेल तर सगळं फेकूही नका. दोन्ही मशीनमधून काय टिकतं ते शोधा.

माझ्या डेटाचं काय झालं? तेच नमुने दोन्ही डिटेक्टरवर पुन्हा मोजले. ट्रेंडचा बराचसा भाग गेला, थोडा उरला. थिसिसमध्ये तेवढाच जाणार आहे.