डेम्लो संख्या : चमत्कारापाशी थांबू नका
देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या डेम्लो संख्यांवरील लेख बहुधा १११११११११² = १२३४५६७८९८७६५४३२१ एवढे दाखवून 'केवढा चमत्कार!' म्हणत थांबतात. येथेच ते फसतात.

दहा एकांचा वर्ग करून पाहा : १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला! का? मधल्या स्तंभाची बेरीज १० होते आणि हातचा डावीकडे सरकतो. म्हणजे हा चमत्कार नव्हे, गुणाकाराची रीत आहे.

शिवाय १११११११११ मधील अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. १११ = ३ × ३७, म्हणून ३७ नेही. उरते ३३३६६७ ही मूळ संख्या. त्यामुळे ती सतरा अंकी संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७² अशी फुटते.

शिक्षकमित्रहो, फळ्यावर नऊ एक दाखवाच. पण दहावा एक मुलांना मांडू द्या. कापरेकरांना खरी आदरांजली तीच.